रडणाऱ्या बाळाला लगेच उचलावे का, आणि बाळ शांत व्हायला कसे शिकते?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘माझे बाळ साडेचार महिन्यांचे आहे. ते रडले की मी लगेच उचलून घेते, मग ते शांत होते. सासूबाई म्हणतात, अशाने त्याला हाताची सवय लागेल. यजमानांनी कुठेतरी वाचले आहे की बाळाने स्वतःचे स्वतः शांत व्हायला शिकले पाहिजे. बाळंतपणानंतरचे पहिले दोन महिने माझे मन फार उदास होते, बाळाकडे मन लावून बघणेही होत नव्हते. त्याचा त्याच्या स्वभावावर कायमचा परिणाम झाला असेल का?’

यातला शेवटचा प्रश्न तुमच्या मनाला सर्वांत जास्त लागलेला आहे, हे वाचताना जाणवले. त्याचे उत्तर मी देणारच आहे. पण नुसते ‘काळजी करू नका’ असे सांगितले तर ते तुम्हाला पटणार नाही, म्हणून आधी बाळ शांत होते तेव्हा नेमके काय घडते ते सांगतो.

जन्मलेल्या बाळाजवळ स्वतःला सावरण्याची साधने फार थोडी असतात. मूठ तोंडाकडे नेऊन चोखणे, नको असलेल्या गोष्टीकडून तोंड फिरवणे, डोळे मिटून घेणे आणि हे सारे अपुरे पडले की रडणे, एवढेच त्याला जमते. भूक, गारठा, मोठा आवाज किंवा दिवसभराचा शीण यांनी ते बिथरले की हृदयाचे ठोके वाढतात, श्वास उथळ होतो, हातपाय झटकले जातात आणि रडण्याने ही धडपड आणखी वाढत जाते. मोठ्या माणसात या उसळीला आवर घालणारी यंत्रणा असते. तिचा एक भाग हृदयाची गती मंदावणाऱ्या मज्जातंतूत आणि दुसरा कपाळामागच्या मेंदूत असतो. तान्ह्या बाळात यातला पहिला भाग कच्चा असतो आणि दुसरा भाग पिकायला पुढची कित्येक वर्षे लागतात. तोपर्यंत हा आवर बाहेरून मिळावा लागतो, आणि तो आईच्या अंगाची ऊब, तिचा श्वास, तिचा आवाज आणि तिच्या चालण्याचा ठेका यांतून मिळतो. जपानमधल्या ‘रिकेन’ या संस्थेतील संशोधकांनी 2013 मध्ये दाखवले की रडणाऱ्या बाळाला घेऊन आई नुसती बसली तर होते त्यापेक्षा, ती उठून चालू लागली तर बाळ लवकर शांत होते आणि त्याच्या हृदयाचे ठोकेही काही क्षणांत उतरू लागतात. बाळाला खांद्यावर टाकून घरभर घातलेल्या येरझाऱ्यांना असा शारीरिक आधार आहे. त्याच गटाच्या 2022 च्या अभ्यासातून एक उपयोगाची गोष्ट समजली. सुमारे पाच मिनिटे चालून बाळ झोपले की त्याला लगेच खाली ठेवू नये, मांडीवर घेऊन आणखी पाच ते आठ मिनिटे बसावे आणि मग ठेवावे, म्हणजे ते दचकून जागे होण्याची शक्यता कमी होते.

पण अंगाची ऊब ही अर्धीच गोष्ट झाली. उरलेली अर्धी चेहऱ्यात आणि आवाजात असते, आणि ती मी लसीकरणाच्या टेबलापाशी रोज पाहतो. तुमच्या बाळाला चौदाव्या आठवड्याची लस मिळून काही आठवडेच झाले असतील, तेव्हा तो प्रसंग आठवून पाहा. सुई टोचल्यावर क्षणभर बाळ गप्प असते, श्वास आत ओढलेला असतो, ओठ थरथरतात आणि मग ते भोकाड पसरते. अशा वेळी बहुतेक आया काय करतात? त्या बाळाला छातीशी धरतात, भुवया वर जातात, ओठांचा चंबू होतो आणि आवाज एकदम चढतो: ‘अगं बाई गं! टोचलं माझ्या सोन्याला? दुखलं ना, दुखलं ना?’ पहिली काही वाक्ये बाळाच्या रडण्याइतकीच उंच आणि घाईची असतात. मग शब्द तेच राहतात, पण आवाज पायरीपायरीने खाली येतो, थोपटण्याचा वेग मंदावतो आणि शेवटी नुसता ‘हं… हं… झालं, झालं’ एवढाच हुंकार उरतो. बाळाचे रडणेही त्याच पायऱ्यांनी उतरते, मग एखादा हुंदका येतो, आणि ओल्या पापण्यांनी ते आईच्या तोंडाकडे टकमक पाहू लागते.

या अर्ध्या-एक मिनिटात पुष्कळ काही शिकवून होते. आईच्या चेहऱ्यावर बाळाचीच वेदना दिसते, पण थोडी वाढवून, थोडी लाडाने रंगवून. खरोखर घाबरलेल्या माणसाचा चेहरा तसा नसतो. त्यामुळे बाळाला कळते की हे जे दिसते आहे ते माझे आहे, आईला स्वतःला काही झालेले नाही, आणि मला जे होते आहे ते हिला समजले आहे. ज्योर्जी गेर्गेय आणि जॉन वॉटसन या मानसशास्त्रज्ञांनी 1996 मध्ये हा विचार नीट मांडला. आपल्या भावना बाळाला आधी दुसऱ्याच्या चेहऱ्यावर दिसतात आणि मग हळूहळू आतून ओळखू येतात, असे त्यांचे म्हणणे आहे. माझ्या अनुभवात ते फार बरोबर बसते. जी आई ‘काही नाही झालं, रडू नको’ असे सपाट आवाजात म्हणते तिचे बाळही शांत होतेच, पण बहुधा जास्त वेळ घेते, आणि जी स्वतःच घाबरीघुबरी होते तिचे बाळ आणखी बिथरते. यात दोष देण्याचा माझा हेतू नाही. सुई पाहून कासावीस होणाऱ्या आईला मी एवढेच सुचवतो की आधी स्वतः दोन श्वास सोडा, मग बाळाशी बोला.

बाळ आईच्या चेहऱ्याकडून प्रतिसादाची अपेक्षा करते, ती हक्काने करते, हे एका साध्या प्रयोगाने जगासमोर आणले. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो 1970 च्या दशकात केला आणि 1978 मध्ये प्रसिद्ध केला. आई बाळाशी नेहमीसारखी खेळते, मग काही मिनिटे समोर बसूनच चेहरा अगदी निर्विकार ठेवते, हसत नाही, बोलत नाही, आणि त्यानंतर पुन्हा खेळू लागते. दोन-तीन महिन्यांचे बाळसुद्धा हा बदल लगेच ओळखते. ते आधी आईकडे पाहून हसते, हुंकार देते, हात हलवते, म्हणजे तिला परत बोलावते. उत्तर आले नाही की नजर वळवते, पुन्हा चोरून बघते, मग अंग आखडून घेते आणि शेवटी एक तर रडते किंवा विझल्यासारखे होऊन दुसरीकडे बघत राहते. या प्रयोगाची चित्रफीत पाहणे कोणत्याही पालकाला जड जाते, आणि ती पाहून अनेक आया अपराधी भावनेने माझ्याकडे येतात. त्यांना मी शेवटचा भाग पुन्हा पाहायला सांगतो. आई परत हसते तेव्हा बाळ लगेच विरघळत नाही. ते थोडे रुसलेले असते, किरकिर करते, आणि मग दोघे पुन्हा जुळतात.

ट्रॉनिक यांचे सर्वांत मोलाचे निरीक्षण याच पुन्हा जुळण्याविषयी आहे, आणि ते दुर्दैवाने प्रयोगाइतके प्रसिद्ध झाले नाही. निरोगी, प्रेमळ आई आणि तिचे बाळ समोरासमोर खेळत असताना त्यांचे सूर एकमेकांशी किती वेळ जुळलेले असतात, हे त्यांनी चित्रफिती क्षणाक्षणाने तपासून पाहिले. हा वेळ सुमारे 30 टक्केच निघाला. उरलेल्या वेळात कोणीतरी चुकत असते: बाळ थकलेले असते आणि आई हसवत असते, बाळ खुळखुळ्याकडे बघत असते आणि आई त्याच्या डोळ्यांत बघू पाहते. पण थोड्याच क्षणांत कोणीतरी आपली चाल बदलते आणि जुळणी होते. दिवसातून शेकडो वेळा हे घडते. बाळाला यातून जे मिळते ते असे: बिघडलेले बरे होते, मी काही केले तर समोरून काही होते, आणि अस्वस्थ वाटणे हे कायमचे नसते. भावना आवरण्याची ताकद या अनुभवाच्या पुनरावृत्तीतून येते. सतत एकसूर राहणाऱ्या, कधीच न चुकणाऱ्या आईची बाळाला गरज नसते. मानसशास्त्रज्ञ बिअट्रिस बीबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार महिन्यांच्या बाळांच्या आणि आयांच्या आवाजांची लय मोजली, तेव्हा त्यांनाही असेच आढळले की मध्यम जुळणी असलेल्या जोड्यांमधली बाळे वर्षाच्या वयात आईजवळ अधिक निश्चिंत होती. फार सैल जुळणी जशी ठीक नव्हती, तशी बाळाच्या प्रत्येक हालचालीवर टपून बसलेली घट्ट जुळणीही ठीक नव्हती.

ही ‘टपून बसण्याची’ गोष्ट मला थोडी थांबून सांगायची आहे, कारण शिकलेल्या आणि पुष्कळ वाचणाऱ्या आयांमध्ये ती आता वाढलेली दिसते. खेळता खेळता बाळ मधेच मान वळवून भिंतीकडे किंवा पंख्याकडे बघू लागते. ते कंटाळलेले नसते, रागावलेलेही नसते. आनंदसुद्धा त्याच्या झेपेपलीकडे गेलेला असतो, आणि नजर वळवून ते स्वतःला सावरत असते. तान्ह्या बाळाजवळच्या थोड्या साधनांपैकी हे एक उत्तम साधन आहे. अशा वेळी आई खुळखुळा घेऊन त्याच्या नजरेसमोर जाते, ‘इकडे बघ, इकडे बघ’ करते. बाळ मान दुसरीकडे वळवते, आई तिकडे जाते. दोन-तीन फेऱ्यांत बाळ रडू लागते आणि आई म्हणते, ‘डॉक्टर, याला मी आवडतच नाही.’ मी तिला हात खाली घेऊन फक्त दहापर्यंत मनात आकडे मोजायला सांगतो. सहा-सातपर्यंत येते न येते तोच बाळ आपणहून वळते, आईचा चेहरा शोधते आणि हसते. त्या क्षणी कित्येक आयांच्या डोळ्यांत पाणी येते.

आता हाताच्या सवयीविषयी. सासूबाईंचे म्हणणे मी उडवून लावणार नाही, कारण बाळ शिकते हे त्यांचे निरीक्षण खरे आहे. फक्त ते काय शिकते याविषयी माझे मत वेगळे आहे. पहिल्या काही महिन्यांत बाळाच्या मनात एक साखळी तयार होते: मी रडतो, पावले वाजतात, आवाज येतो, हात लागतो, बरे वाटते. तीन-चार महिन्यांच्या सुमारास ही साखळी इतकी पक्की होते की उचलण्याआधीच, पावले वाजली किंवा ‘आले रे आले’ एवढे ऐकले तरी बाळ रडणे क्षणभर थांबवते. तुमच्या घरीही हे होत असेल, मुद्दाम लक्ष देऊन पाहा. बाळाला थोडे थांबता येऊ लागल्याची ती पहिली खूण आहे, आणि ती दरवेळी कोणीतरी येत गेल्यामुळे आलेली असते. यजमान ज्याला स्वतःचे स्वतः शांत होणे म्हणतात त्याची सुरुवात इथून होते.

संशोधन काय सांगते तेही पाहू. मेरी एन्सवर्थ आणि सिल्व्हिया बेल या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील बाल्टिमोरमधल्या 26 कुटुंबांच्या घरी वर्षभर जाऊन केलेली निरीक्षणे 1972 मध्ये मांडली. सुरुवातीच्या महिन्यांत ज्या बाळांच्या रडण्याला लवकर उत्तर मिळाले ती वर्षाच्या अखेरीस कमी रडत होती. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत हा निष्कर्ष जसाच्या तसा आला नाही, म्हणून त्यावर मी अवाजवी भर देणार नाही. कॅनडातील मॉन्ट्रियलमधल्या 1986 च्या एका अभ्यासात काही आयांना बाळ रडत नसतानाही दिवसभरात किमान तीन तास जादा अंगाशी घेण्यास सांगितले होते. सहाव्या आठवड्यात, म्हणजे रडणे सर्वांत जास्त असते त्या काळात, त्यांची बाळे इतरांपेक्षा 43 टक्के कमी रडली. जी बाळे मुळातच पोटशुळासारखी तासन्‌तास रडतात त्यांना मात्र एवढ्याने फारसा फरक पडला नाही, हेही नंतर दिसले. सारांशाने मी एवढे ठामपणे म्हणू शकतो की पहिल्या सहा महिन्यांत उचलून घेतल्याने बाळ बिघडते असा पुरावा माझ्या पाहण्यात नाही आणि पंचवीस वर्षांच्या व्यवसायात तसा अनुभवही नाही. सहा महिन्यांनंतर रात्रीच्या झोपेची घडी बसवणे हा वेगळा विषय आहे. ती घडी हळूहळू आणि प्रेमाने बसवता येते, त्यासाठी आत्तापासून बाळाला रडत ठेवण्याचे कारण नाही.

सासूबाईंना या कामात तुमच्याविरुद्ध न ठेवता तुमच्याबरोबर घ्या, असे मी आग्रहाने सांगेन. मध्य आफ्रिकेतील इतुरीच्या जंगलात राहणाऱ्या एफे लोकांमध्ये बाळ जन्मापासून अनेक बायकांच्या हातांत फिरते, इतर स्त्रियाही त्याला पाजतात. ट्रॉनिक यांनी तिथेही अभ्यास केला आहे. आपल्याकडच्या भरल्या घरांतही आजी, आत्या, काकू यांच्या मांड्या असतात. आजीची अंगाई आणि आईची अंगाई यांचा ठेका वेगळा असतो, आणि बाळ दोन्हींवर शांत व्हायला शिकते. बाबांनाही यातून वगळू नका. आई दमलेली असताना बाळाच्या वाट्याला दुसरा ताजातवाना चेहरा येणे ही दोघांचीही गरज असते.

काही वेळा बाळ कशानेच थांबत नाही. रडणे साधारण दुसऱ्या आठवड्यापासून वाढते, सहाव्या आठवड्याच्या आसपास शिखर गाठते आणि तीन-चार महिन्यांत ओसरते, हा बहुतेक बाळांचा क्रम आहे. तुमच्या बाळाचा तो अवघड काळ बहुधा मागे पडला आहे. तरीही एखाद्या रात्री सगळे करून पाहिले आणि तुमचा स्वतःचा तोल जातो आहे असे वाटले, तर बाळाला पाळण्यात उताणे, सुरक्षित ठेवा, पाच-दहा मिनिटे दुसऱ्या खोलीत जा, पाणी प्या, कोणाला तरी हाक मारा. बाळाला रागाच्या भरात गदागदा हलवू मात्र कधीही नये, त्याने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. ताप, हिरवी उलटी, दूध सोडणे, अंग ढिले पडणे किंवा नेहमीपेक्षा अगदी वेगळे कर्कश रडणे यांपैकी काही दिसले तर उचलावे की नाही हा प्रश्नच बाजूला ठेवून तडक डॉक्टरांकडे जावे.

आता तुमच्या त्या दोन महिन्यांविषयी. बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठ-पंधरा दिवसांत रडू येणे, चिडचिड होणे हे पुष्कळ जणींना होते आणि आपोआप जाते. दोन आठवड्यांपलीकडे टिकणारी उदासी, बाळाकडे पाहावेसे न वाटणे, बाळ झोपले तरी स्वतःला झोप न लागणे, हे आजाराचे लक्षण असते आणि तो आजार मुळीच दुर्मीळ नाही. विक्रम पटेल, मर्लिन रॉड्रिग्ज आणि नंदिता डिसोझा यांनी गोव्यात म्हापशाच्या रुग्णालयात बाळंत झालेल्या स्त्रियांचा जो अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध केला, त्यात प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी 23 टक्के स्त्रियांना हे नैराश्य होते. त्यांतल्या बहुतेकींना गरोदरपणातच त्रास सुरू झाला होता, आणि घरची तंगी, नवऱ्याशी बिघडलेले संबंध, मुलगी झाल्याची नाराजी यांच्याशी त्याचा संबंध आढळला. म्हणजे ज्या गोष्टीसाठी तुम्ही स्वतःला दोष देत आहात तिची कारणे बहुतांशी तुमच्या हातातली नव्हती.

असे नैराश्य महिनोन्‌महिने उपचाराविना राहिले तर बाळावर परिणाम होतो, हे मी लपवणार नाही. आईचा चेहरा बराच काळ निर्विकार राहिला तर बाळ बोलावणे कमी करते, नजर वळवून स्वतःत राहू लागते. पण तुमच्या पत्रातच उत्तर आहे. तुमचे बाळ रडून तुम्हाला बोलावते आणि तुमच्या हातात आल्यावर शांत होते. बोलावणे त्याने सोडलेले नाही आणि उत्तर मिळेल ही अपेक्षाही सोडलेली नाही. दोन महिन्यांत जे कमी पडले ते कायमचे कोरले गेले असे समजण्यास काहीही आधार नाही. पहिल्या वर्षात या जोडणीला पुष्कळ लवचिकता असते. नेदरलँड्समध्ये डिम्फना व्हान डेन बूम यांनी किरकिऱ्या बाळांच्या आयांना बाळाच्या खुणा कशा ओळखाव्यात एवढेच घरी जाऊन शिकवले. अशा फक्त तीन भेटी, बाळाच्या सहाव्या ते नवव्या महिन्यांदरम्यान, झाल्या होत्या. आणि वर्षाच्या वयात त्या बाळांचा आईवरचा विश्वास, ज्यांना अशा भेटी मिळाल्या नव्हत्या त्यांच्यापेक्षा स्पष्टपणे अधिक होता. तुमचे बाळ अजून त्या वयालाही पोचलेले नाही.

उदासी अजून पूर्ण गेली नसेल तर स्वतःसाठी मदत घ्या, हा माझा सर्वांत निकडीचा सल्ला आहे. दहा साध्या प्रश्नांची एक चाचणी असते, ती तुमचे स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा बालरोगतज्ज्ञ पाच मिनिटांत करू शकतात. अंगावर पाजत असतानाही घेता येतील अशी औषधे आहेत, पण ती डॉक्टरांनीच ठरवायला हवीत. सरकारच्या ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेच्या 14416 या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही मराठीत बोलता येते. ‘आशा’ ताई बाळाला पाहायला येतात तेव्हा बाळाच्या वजनाबरोबर तुमच्या मनाचेही त्यांना सांगा, त्या पुढची वाट दाखवू शकतात.

आणि येत्या आठवड्यात एक करून पाहा. दिवसातून एकदा, बाळ पोटभर प्यालेले आणि जागे असताना, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून त्याला मांडीवर तोंड तुमच्याकडे करून घ्या, चेहरा त्याच्यापासून वीतभर किंवा थोडा अधिक दूर असू द्या आणि तुम्ही आधी काहीच बोलू नका. त्याने ‘अग्गं’ केले की तुम्ही ‘अग्गं’ करा आणि थांबा. त्याने मान वळवली तर वळवू द्या. ते परत तुमच्याकडे वळायला किती वेळ घेते हे पाहा, आणि पुढच्या खेपेला मला तेवढेच कळवा.